केसापासून लेसरपर्यंत

हवेतला ओलावा मोजायला लोकांनी शे-दीडशे वर्षं काय वापरलं, माहितीये? माणसाचा केस! जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या गृहस्थांनी १७८३ साली आर्द्रतेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात तेलकटपणा काढलेल्या केसाचं आर्द्रतामापक मांडलं. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. फरक जेमतेम २ ते २.५ टक्के, पण काटा हलवायला पुरेसा.

गोची अशी, की केसाला आधी पाणी प्यावं लागतं. थंडीत तो फारच संथ होतो. आणि विमानांच्याही वर, स्थितांबरात, थंडी तर असतेच, शिवाय १० लाख रेणूंमागे पाण्याचे रेणू असतात ४-५! तिथे केस काय सांगणार?

एवढ्याशा बाष्पाची पंचाईत कशाला, असं वाटेल. पण २०१० साली सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की २००० नंतर स्थितांबरातलं बाष्प सुमारे १० टक्क्यांनी घटलं आणि त्यामुळे त्या दशकात तापमानवाढीचा वेग अंदाजे २५ टक्क्यांनी मंदावला. म्हणजे मोजणी चुकली तर हिशेबच चुकला.

उत्तराचं बीज मात्र जुनंच होतं. १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल नळीत वायू भरून त्यातून उष्णतेचे किरण सोडत होते. पाण्याची वाफ ते किरण जोरात शोषते, हे त्यांना दिसलं. म्हणजे हवेला हात न लावता, किती प्रकाश गायब झाला यावरून बाष्प मोजता येईल!

त्यासाठी नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश हवा. पहिला लेसर १९६० साली चमकला. पुढे या कामाला घेतलेले शिसेयुक्त अर्धवाहक लेसर द्रव नायट्रोजनने थंड ठेवावे लागत. विमानात ही कटकट कोण सांभाळणार?

इथे आमची नेटवर्कवाली जमात मदतीला आली, तीही नकळत. ऑप्टिकल फायबरच्या काचेत पाण्याचा अंश राहिला, की १.३८ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश गिळला जातो. तो अंश काढायला इंजिनियरांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं. हवेतली वाफही १.३७ मायक्रॉनजवळच प्रकाश गिळते. दूरसंचारासाठी तयार झालेलं लेसरचं तंत्र तिथे आयतं कामी आलं. हे लेसर साध्या तापमानाला चालतात, आणि विद्युतप्रवाह किंचित बदलला की तरंगलांबी सरकते.

१९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने असा सेन्सर ईआर-२ या उंच उडणाऱ्या विमानावर बसवला. आरशांमध्ये किरण फिरवून ११ मीटरचा मार्ग मिळवला. पुढे याच जातीचे सेन्सर अमेरिकेत प्रवासी विमानांवर गेले आणि त्यांचे आकडे हवामान अंदाजात वापरले गेले.

आम्ही ज्याला लॉस म्हणून शिव्या घातल्या, तोच हवामानवाल्यांचा सिग्नल निघाला. मला तरी हे भारी वाटतं. तुम्हाला?