पहाटे धावणाऱ्या पोरींची मागची गोष्ट

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाची तरी बारावीतली पोरगी म्हणते, मला फौजेत अधिकारी व्हायचंय, आणि पहाटे पळायला जाते. घरात आजी म्हणते, बाईच्या अंगाला हे झेपायचं नाही, उद्या बाळंतपणाला त्रास होईल. आम्ही बचत गटाचं काम करणाऱ्या, डॉक्टरही नाही आणि फौजीही नाही. पण हे ‘झेपायचं नाही’ कुठून आलं आणि कुठवर गेलं, ते आम्ही जरा शोधलं. तेच आज सांगतो.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. झाशीला ते राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, तो १९०७ मध्ये छापून आला. त्यात राणीसाहेबांच्या रोजच्या व्यायामाचं वर्णन आहे. पहाटे उठून जोर, जोडी, मल्लखांब आणि मग घोड्यावरची रपेट. आपण चित्रात बघतो ती पाठीला पोर बांधलेली, तलवार उगारलेली राणी. तिच्या आधीची ही घामाची राणी मात्र चित्रात येत नाही. लढाईच्या दिवशी एकाएकी कुणाच्या मनगटात बळ येत नसतं.

त्याच राणीच्या नावानं १९४३ मध्ये सिंगापूरला बायकांची पलटण उभी राहिली. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेतली ही झाशीची राणी रेजिमेंट. प्रमुख होत्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजे पुढच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. जुलै महिन्यात त्यांनी वीसेक बायका गोळा करून सुभाषबाबूंना मानवंदना दिली. हातात खऱ्या बंदुका. त्या काळची ही थ्री-नॉट-थ्री बंदूक साधारण चार किलोची. आपण म्हणू, चार किलो म्हणजे काय, आम्ही तर डोक्यावर दोन हंडे आणतो. पण हंडा डोक्यावर असतो. बंदूक हात ताठ करून धरायची आणि हलायचं नाही, ह्यात दंड भरून येतात. ऑक्टोबरमध्ये छावणी सुरू झाली. कवायत, नेमबाजी, संगीन चालवणं, लांबलांब कूच, सगळं शिकवलं गेलं. आलेल्या पोरी कोण होत्या? कितीतरी जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर मजुरी करणाऱ्या तमिळ घरांतल्या. हिंदुस्थान त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. जानकी थेवर अवघ्या अठराच्या आसपासची, ती पुढे या पलटणीत अधिकारी झाली. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागली तेव्हा या बायका पावसाचिखलातून, विमानांचा मारा चुकवत, दिवसेंदिवस चालत बँकॉककडे गेल्या.

एवढं होऊन स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९५० च्या लष्कर कायद्यात लिहिलं गेलं की सरकारनं खास परवानगी दिल्याशिवाय बाईला सैन्यात घेता येणार नाही. डॉक्टर आणि परिचारिका तेवढ्या होत्या. ही परवानगी यायला १९९२ साल उजाडावं लागलं. सिमल्याच्या प्रिया झिंगन या मुलीनं थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहिलं होतं, की मुलींना का घेत नाही? त्याच वर्षी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत पहिल्या पंचवीस मुली दाखल झाल्या. सप्टेंबरमध्ये गेल्या आणि मार्च १९९३ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या. म्हणजे जेमतेम सहा महिने. आता हे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं आहे.

पण नोकरी ठरावीक वर्षांची. जास्तीत जास्त चौदा वर्षं, मग घरी. बरोबरीच्या पुरुषांना कायम होता यायचं, बायकांना बहुतेक शाखांत नाही. बायका कोर्टात गेल्या. आता जरा कान देऊन ऐका, कारण इथं आपला, खेड्यातल्या माणसांचा विषय आला. सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे जी कारणं दिली त्यात बायकांच्या शरीराच्या मर्यादा होत्या, बाळंतपण होतं, पोराबाळांचा संसार होता. आणि आणखी एक कारण होतं. जवान बहुतेक ग्रामीण भागातून आलेले असतात, बाईचा हुकूम मानायला त्यांची मनं अजून तयार झालेली नाहीत, असं म्हटलं होतं. बघा, आपल्याच पोरांचं नाव पुढे केलं! ज्यांना आपण वाढवलं, ज्यांनी आईचं ऐकूनच शाळा गाठली, त्यांना म्हणे बाईचं ऐकता येत नाही. आम्हाला हे वाचून राग आला, आणि खोटं कशाला बोला, थोडं खरंही वाटलं. ‘बाईचं काय ऐकतोस’ हे वाक्य पोरगा कुठं शिकतो? १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयानं ही कारणं फेटाळली आणि बायकांना कायम नेमणुकीचा हक्क दिला.

पुढच्याच वर्षी अंगाच्या बळाचाच मुद्दा आला. कायम करायचं तर वैद्यकीय तपासणी पास व्हा, असं सांगितलं. वरून पाहिलं तर सरळ अट. पण पुरुषांना ती नोकरीच्या पाचव्या ते दहाव्या वर्षी लावलेली, म्हणजे पंचविशी-तिशीत. बायकांना लावली चाळीस-पन्नाशीत, कारण त्यांना हक्कच उशिरा मिळालेला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानं ही पद्धत मनमानी ठरवली. शर्यतीत एकाला सकाळी पळवायचं आणि दुसऱ्याला भर उन्हात, आणि वेळ मात्र एकच मोजायची, तसा तो प्रकार.

त्याच वर्षी खडकवासल्याचं दार उघडलं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, आपल्या पुण्याला लागून, पण मुलींना आत जागा नव्हती. न्यायालयानं ऑगस्टमध्ये परीक्षेला बसू द्या म्हटलं. सरकार म्हणालं, तयारी करायला वेळ हवा, पुढच्या मे महिन्यापासून घेऊ. न्यायालयानं थांबायला नकार दिला आणि १४ नोव्हेंबर २०२१ ला मुलींनी परीक्षा दिली. २०२२ मध्ये १९ मुली आत गेल्या. तीन वर्षं मुलांच्या बरोबरीनं धावणं, पोहणं, घोडा, डोंगरातल्या छावण्या. ३० मे २०२५ ला तीनशेहून जास्त मुलांबरोबर १७ मुली संचलन करत बाहेर पडल्या. अर्थात सगळी दारं उघडलेली नाहीत. पायदळ आणि रणगाड्यांच्या दलात बाई अधिकारी अजून नाही.

आता आपल्या घरात येऊ. परीक्षेच्या जाहिरातीत उमेदवारांना सल्ला असतो की आधीपासून धावा, दोरीवरच्या उड्या मारा, जोर काढा, तीन-चार मीटर दोर चढा. दोरावरचा मल्लखांब आपल्याकडे मुली पूर्वीपासून करतात, तो शिकवणारं कुणी तालुक्यात असेल तर विचारा. उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते. पण आम्हाला खरी काळजी आहे ती ताटाची. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पोरगी पहाटे पाच किलोमीटर पळून येते आणि सगळ्यांत शेवटी, उरलेलं जेवते, मग धाप लागली की म्हणायचं, झेपत नाही! नाचणी, शेंगदाणा-गूळ, कडधान्य, अंडं चालत असेल तर अंडं, हे भावाइतकंच तिला वाढा. पाळीच्या दिवसांत पळायचं की नाही हे तिच्या अंगाला विचारा, शेजारणीला नको. आणि पहाटेच्या रस्त्यावर एकटीला पाठवू नका. तीन-चार पोरी मिळून जाऊ द्या, गटातल्या दोघी-तिघींनी आळीपाळीनं फिरायला निघावं. आपलेही गुडघे सुधारतील.

एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं, आणि मुलगी अविवाहित हवी. नेमक्या ह्याच वयात आपल्याकडे पाहुणे यायला लागतात. एकदा साखरपुडा उरकला की तीन वर्षं केलेलं पळणं फुकट. मुलींना अर्जाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तेवढं कारण तरी सांगू नका. नाशिकला मुलींसाठी सरकारची तयारीची संस्था सुरू झाली आहे, तिथली चौकशी दहावीतच करा.

आणि एक काम आजच करा. वय दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेनं धरतात, दुसरा कुठला दाखला चालत नाही. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी कितीतरी पोरींची तारीख एक जून लिहून टाकलेली असते. धाकट्या मुलींचा जन्मदाखला आणि शाळेतली नोंद काढून शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला तर दहावीच्या फॉर्मआधी शाळेत जाऊन दुरुस्त करून घ्या.