‘विद्यार्थी-खेळाडू’ : एका जोडशब्दाची सत्तर वर्षं

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधल्या फेडरल सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. त्यात कॉलेज बास्केटबॉलचे चार सहायक प्रशिक्षक होते, आदिदासचा एक अधिकारी होता आणि खेळाडू, कंपन्या नि विद्यापीठं यांच्या मधल्या जागेत वावरणारे काही मध्यस्थ होते. एफबीआयनं फोन टॅप केले होते, आपली माणसं वेषांतर करून पेरली होती. एवढ्या तयारीनं पकडलेला गुन्हा काय होता? शाळा संपवून निघालेल्या गुणी खेळाडूनं आदिदासशी करार असलेल्या विद्यापीठातच जावं, म्हणून त्याच्या घरच्यांना गुपचूप पैसे द्यायचे. ब्रायन बोवेन या मुलाच्या कुटुंबासाठी ठरलेला आकडा होता १ लाख डॉलर. तो लुइव्हिल विद्यापीठात दाखल झाला आणि काही महिन्यांत हे प्रकरण फुटलं.

मला या खटल्यात लाचेपेक्षा एक वेगळीच गोष्ट विलक्षण वाटते. सरकारी पक्षाच्या मते यात फसवणूक झाली ती विद्यापीठाची! नियम मोडलेल्या मुलाला त्यांनी अजाणता शिष्यवृत्ती दिली, म्हणून विद्यापीठ पीडित. ऑक्टोबर २०१८मध्ये ज्यूरीनं हे मान्य केलं. तिघे दोषी ठरले, पुढे तुरुंगात गेले. वडिलांच्या व्यवहाराची आपल्याला कल्पना नव्हती, असं बोवेननं सांगितलं. पण त्याला कॉलेजचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो ऑस्ट्रेलियात जाऊन व्यावसायिक बास्केटबॉल खेळला.

आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्याला मित्रमंडळींपलीकडे फारसं कुणी फिरकत नाही, त्यामुळे या खेळात किती पैसा आहे याचा अंदाज येत नाही. अमेरिकेत दर मार्चमध्ये ६८ कॉलेज संघांची बाद फेरीची स्पर्धा होते. तिच्या प्रक्षेपणासाठी २०१०मध्ये झालेला करार चौदा वर्षांचा आणि १०.८ अब्ज डॉलरचा होता. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस राज्यपाल नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. खेळणाऱ्या मुलांना मात्र शिक्षण, राहणं, जेवण यांपलीकडे काही द्यायला मनाई होती.

ही मनाई टिकली ती एका शब्दाच्या जोरावर. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. कारण काय, तर कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. असे दावे वाढले तर काय, ही धास्ती ‘एनसीएए’ या कॉलेज क्रीडा संघटनेला होती. तिचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रुळवला. नियमांत, पत्रकांत, बोलण्यात सगळीकडे तोच. मुलगा आधी विद्यार्थी, म्हणून नोकर नाही, म्हणून पगार नाही. निवृत्तीनंतर १९९५मध्ये बायर्स यांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा याच व्यवस्थेवर त्यांनी शोषणाचा आरोप केला.

पैशाचं मात्र पाण्यासारखं असतं. दार बंद केलं की तो फटीतून येतो. १९५०मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्या संघातल्या मुलांना अटक झाली. सट्टेबाजांनी त्यांना हरायला सांगितलं नव्हतं, फक्त ठरलेल्या फरकापेक्षा कमी गुणांनी जिंकायला सांगितलं होतं. चौकशीचे धागे केंटकीपर्यंत पोचले, आणि न्यायाधीशांनी मुलांबरोबर कॉलेजांच्या बाजारूपणालाही धारेवर धरलं.

मग बुटांच्या कंपन्या आल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नायकेसाठी काम करणाऱ्या सनी व्हकारो यांनी एक युक्ती काढली : प्रशिक्षकाला पैसे द्या, तो अख्ख्या संघाच्या पायात आपले बूट घालेल. हे पूर्ण कायदेशीर होतं. बूट मुलांच्या पायात, चेक प्रशिक्षकाच्या खिशात! त्यानंतर कंपन्या शाळकरी मुलांच्या उन्हाळी संघांपर्यंत उतरल्या, कारण पुढचा मायकेल जॉर्डन आधी ज्याच्या हाती लागेल, त्याचं सोनं. २००५मध्ये एनबीएनं शाळेतून थेट प्रवेश बंद केला आणि गुणी मुलांना एक वर्ष बहुधा कॉलेजातच काढावं लागू लागलं. दलालांना यापेक्षा काय हवं होतं?

उलटा प्रवाह सुरू झाला तो व्हिडिओ गेममुळे. १९९५चं विजेतेपद मिळवणाऱ्या यूसीएलएच्या एड ओबॅननला एका गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला. परवानगी नाही, पैसा नाही. त्यानं २००९मध्ये खटला भरला, आणि त्याला उभं राहायला मदत केली ती त्याच व्हकारोंनी. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल दिला. तो शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळ्या मतात बजावलं, की हे वागणं दुसऱ्या कुठल्याही धंद्यात खपलं नसतं. दहाच दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमवायची मोकळीक मिळाली. जून २०२५मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळायचे आहेत आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं.

म्हणजे ज्या व्यवहारापायी २०१९मध्ये माणसं तुरुंगवासाची शिक्षा ऐकत होती, त्याच्या जवळपासचा व्यवहार आज वकिलासमोर सही करून होतो. कायद्याच्या अभ्यासकांना फरक दिसेलही. मला तरी मुख्य फरक उजेडाचा दिसतो.

विरोधकांचं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. बहुतेक कॉलेजांचे क्रीडा विभाग नफ्यात नसतात. फुटबॉल-बास्केटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, मुलींचे संघ जगतात. १९७२च्या ‘टायटल नाइन’ या समानतेच्या कायद्यानं मुलींना मैदान मिळवून दिलं, आणि आता थकबाकीचा मोठा वाटा पुरुषांच्या दोन खेळांकडे जातो आहे. ही चिंता खरी आहे. पण तिची किंमत फक्त खेळणाऱ्या मुलांनी, त्यातही बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी का मोजायची? प्रशिक्षकाच्या पगारातून कुणी कुस्तीचा संघ चालवा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि इतके अब्ज हातचे सुटूनही एक गोष्ट संघटनेनं सोडलेली नाही : खेळाडू हा नोकर नाही. पैसे घे, पण कामगार म्हणू नकोस. डेनिसनच्या पत्नीनं मागितली होती ती श्रीमंती नव्हती. कामावर गेलेला माणूस परत आला नाही, एवढीच नोंद तिला कायद्याच्या भाषेत हवी होती. ती अजून झालेली नाही.