आडव्या बाटलीची गोष्ट



दारूनं लिव्हर खराब होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पिवळे डोळे, फुगलेलं पोट आपण घरात पाहिलंय. म्हणून या लढ्यात बायाच पुढं राहिल्या.

आपला एक शेजारी वर्धा. गांधीजींचा जिल्हा म्हणून तिथं कित्येक वर्षांपासून दारूबंदी. दुसरा शेजारी चंद्रपूर. २०१० साली तिथल्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या. २०१५ साली बंदी आली, २०२१ साली सरकारनं ती उठवली. यवतमाळातही ‘स्वामिनी’च्या नावानं मोर्चे निघाले, पण जिल्ह्यात बंदी झाली नाही.

जिल्ह्याची बंदी मुंबईत ठरते. गावातलं परवान्याचं दुकान मात्र आपल्या मतानं बंद होऊ शकतं. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या देऊन मागणी केली, की पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

यात एक मेख आहे. झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. यादीत ६०० बाया असतील तर आडवीला ३०१ मतं हवीत. जी घरी राहिली, जी निंदणाला गेली, तिचं न दिलेलं मत दुकानाच्याच कामी येतं.

म्हणून सह्यांच्या आधी यादी वाचा. कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कोण कामासाठी बाहेरगावी, ते लिहून ठेवा. मोर्चात आवाज मोजतात, इथं नावं मोजतात.