पद्मिनीचा गिअरबॉक्स : नाव फसवते, दाते साक्ष देतात

१/ मुंबईची अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची सेवा संपली. काळ्या-पिवळ्या रंगाला निरोप देणारे पुष्कळ लेखन तेव्हा झाले. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. खोलल्या जाणाऱ्या टॅक्सींमधून जुन्या सुट्या भागांचा जो ओघ बाजारात येत असे, तोही याबरोबर आटला. आजचा धागा त्या भागांविषयी, विशेषतः गिअरबॉक्सविषयी.

२/ समजा, तुमच्या आजोबांची १९७८ ची पद्मिनी घरी उभी आहे आणि तिचा दुसरा गिअर खरखरतो आहे. नवा भाग कारखान्यातून येणार नाही, कारण ती गाडीच दोन दशकांपूर्वी बंद झाली. जुना भाग शोधावा लागेल. पण नेमका कोणत्या गाडीचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अर्ध्या शतकाचा औद्योगिक इतिहास उलगडावा लागतो.

३/ आरंभ वालचंद हिराचंद यांच्यापासून. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज आणि विमान या दोन्ही उद्योगांत पाय रोवले होते. मोटार भारतात तयार व्हावी हा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला.

४/ १९५३ हे वळणाचे वर्ष. टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण ठरवले की, टप्प्याटप्प्याने भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव मिळेल. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. प्रीमियर टिकली. याच वर्षी वालचंद यांचे निधन झाले आणि याच वर्षी इटलीत फियाटने ‘११००-१०३’ ही नवी छोटी गाडी लोकांपुढे आणली.

५/ ही गाडी १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. गोलाकार पाठीमुळे आपल्याकडे तिचे नाव पडले ‘डुक्कर फियाट’. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ११००-डी, म्हणजेच ‘डिलाइट’ आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी फियाटचे नाव गळून ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. दरम्यान १९६९ मध्ये इटलीने ही मालिका संपवलीही होती. कुर्ल्याचा वंश मात्र पुढे तीसहून अधिक वर्षे चालला.

६/ येथेच पहिला सापळा आहे. डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी ही नावे तीन, पण १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढच्या चार गतींचा गिअरबॉक्स यांची मूळ घडण एकच. उलट शेवटच्या वर्षांतील पद्मिनी एस-१ मध्ये गिअरचा दांडा जमिनीवर आला. नाव पद्मिनीच, पण आजोबांच्या गाडीला हा गिअरबॉक्स जसाच्या तसा बसणार नाही. बाजाराच्या भाषेत पहिला ‘हँड गिअर’, दुसरा ‘फ्लोअर गिअर’.

७/ तिसरी गाडी आणखी घोटाळ्याची. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई. बिल्ला प्रीमियरचा, बांधा फियाट १२४ च्या घराण्यातला आणि इंजिन निसान ए-१२. म्हणजे ‘प्रीमियरचा गिअरबॉक्स आहे’ या विधानाला अर्थ उरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. बखरीचे शीर्षक एक सांगते, आतला मजकूर दुसरेच. शीर्षकावर विसंबणारा संशोधक फसतो, तसाच बिल्ल्यावर विसंबणारा ग्राहकही.

८/ खरेदीपूर्वी गिअरबॉक्स खरोखर दोषी आहे का, हे सिद्ध करावे. हँड गिअरच्या गाडीत दांडा आणि पेटी यांच्यामध्ये सळ्या व बुश यांची लांब साखळी असते. ती झिजली की गिअर नीट पडत नाही आणि विनाकारण पेटी बदलली जाते. क्लच पुरता सुटत नसेल तरी गिअर खरखरतात. या दोन शक्यता बाद झाल्यावरच पेटी उतरवावी.

९/ आवाज हा पुरावा आहे. चौथ्या गतीत इंजिनाचा जोर सरळ मागे जातो, खालच्या काउंटर शाफ्टवर भार नसतो. म्हणून पहिल्या तीन गतींत घरघर आणि चौथीत शांतता असेल, तर संशय काउंटर शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर. सर्वच गतींत गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा घोष असेल, तर बहुधा मागचा डिफरन्शियल बोलतो आहे. एकाच गतीत बदलताना खर्रकन आवाज येत असेल, तर त्या गतीची सिंक्रो रिंग झिजली असावी.

१०/ पहिल्या गतीचा मुद्दा वेगळा. या गाडीत तिला सिंक्रो रिंगच नाही. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी पहिला गिअर टाकला की दाते दात्यांवर आपटतात. जुन्या पेटीतील पहिल्या आणि रिव्हर्स गिअरच्या दात्यांच्या कडा झिजलेल्या किंवा तुटलेल्या दिसल्या, तर ती चालकाच्या सवयीची नोंद समजावी. तिच्यात कोणाची सही नाही, पण खाडाखोडही नाही.

११/ आता बाजार. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजार, ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने. चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी. माल ढोबळमानाने तीन जातींचा असतो : कंपनीचा न वापरलेला जुना साठा, खोललेल्या गाडीतून निघालेला मूळ भाग, आणि कोणीतरी नंतर बनवलेला ‘लोकल’. रबरी सील, गॅस्केट आणि बेअरिंग नवीनच घ्यावीत. दात्यांची चाके मात्र चांगल्या स्थितीतील मूळ असतील, तर त्यांना पसंती द्यावी.

१२/ इतिहासकार दस्तऐवजाची परीक्षा दोन अंगांनी करतो, बाह्य आणि आंतरिक. बाह्य परीक्षा म्हणजे हा कागद कोठून आला. आपल्याकडे आरसी बुकात इंजिन आणि चेसिस यांचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो बेनामी. म्हणून कोणत्या गाडीतून निघाला, ती खाजगी होती की टॅक्सी, उरलेली गाडी पाहायला मिळेल का, हे विचारावे आणि बिल मागावे. चोरीच्या मालापासून वाचण्याचाही हाच मार्ग.

१३/ आंतरिक परीक्षा म्हणजे पेटी उघडून वाचणे. तेल आधीच सांडून, पुसून ठेवलेली पेटी संशयास्पद. तेल हा तिचा अंतरंग पुरावा असतो. तेलात पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजल्या आहेत. पोलादी कण किंवा तुकडे सापडले तर दाते किंवा बेअरिंग गेले आहे. रिंग तिच्या शंकूवर हाताने दाबून बसवावी. मधली फट उरली नसेल, तर ती रिंग संपली.

१४/ टॅक्सीतून निघालेला भाग टाकाऊच, हा समज घाईचा आहे. शहरात पहिला-दुसरा गिअर सतत वापरला जातो, त्यामुळे ते झिजतात. तिसऱ्या-चौथ्याची चाके पुष्कळदा सुस्थितीत असू शकतात. उलट ‘फार कमी चाललेली’ खाजगी गाडी चार पावसाळे उघड्यावर उभी असेल, तर पेटीत पाणी शिरून बेअरिंगना गंज चढलेला असतो. किलोमीटरचा आकडा इतिहासाचा सारांश असतो, इतिहास नव्हे.

१५/ एक नियम कठोर आहे : जोडीने झिजलेले जोडीनेच घ्यावे. एकमेकांत वर्षानुवर्षे फिरलेली दोन चाके परस्परांचा आकार घेतात. एक जुने ठेवून दुसरे परके बसवले तर घोष येतो. मागच्या क्राउन-पिनियनला हा नियम सर्वाधिक लागू, कारण ती जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. शिवाय दाते मोजावेत. पिनियनचे १० आणि क्राउनचे ४३ असतील, तर प्रमाण ४.३. आपल्या गाडीहून ते वेगळे निघाले, तर गाडीचा स्वभाव बदलेल आणि स्पीडोमीटरही खोटे बोलेल.

१६/ पैसे देण्यापूर्वी आपला उतरवलेला भाग शेजारी ठेवून पडताळावे : क्लच शाफ्टची लांबी आणि त्यावरच्या खाचांची संख्या, बोल्टच्या भोकांचे अंतर, मागचा फ्लँज, स्पीडोमीटरच्या केबलची जागा. क्लच प्लेट सोबत नेऊन शाफ्टवर सरकवून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय. फोटो पाठवून भाग मागवणे म्हणजे मूळ हस्तलिखित न पाहता पाठभेद ठरवणे.

१७/ हा खटाटोप कशासाठी? २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. पद्मिनी हे नाव धारण करणाऱ्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये या उंबरठ्यावर पोहोचल्या. नंतरच्या हजारो गाड्या मधल्या अंधारात आहेत : वारसा म्हणण्याइतक्या जुन्या नाहीत, बाजाराने सांभाळावे इतक्या नव्या नाहीत. ज्या वर्षांत त्यांना सुटे भाग सर्वाधिक लागतील, नेमक्या त्याच वर्षांत ते भाग भट्टीत वितळत आहेत.

१८/ वितळते ते केवळ पोलाद नाही. परदेशी यंत्र आपल्या कारखान्यांनी, पुरवठादारांनी आणि गॅरेजांनी कसे आत्मसात केले, याचे पुरावे त्या पेट्यांत आहेत. कोणता भाग कधी बदलला हे अनेकदा छापील पुस्तिकेपेक्षा कुर्ल्याच्या जुन्या मिस्त्रीकाकांना अधिक नेमके ठाऊक असते आणि त्यांचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. गडकोट आणि ताम्रपट जपणाऱ्या आपल्या समाजाने कारखान्यात घडलेला विसावा शतकही वाचायला शिकले पाहिजे.

१९/ म्हणून एक विनंती. घरी जुनी फियाट किंवा पद्मिनी असेल, तर पेटी उघडली जाईल त्या दिवशी तेथे हजर राहा. भागांवरचे क्रमांक टिपा, दाते मोजा, फोटो काढा आणि मिस्त्रीकाका काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. काढलेला जुना भागही लगेच भंगारात देऊ नका. ज्या साधनांवर उद्याचा इतिहास उभा राहील, त्यांतले एखादे त्या तेलकट फडक्यात गुंडाळलेले असेल.