वाचकखुणा व व्यक्तिगत शिफारस

वाचकखुणा व व्यक्तिगत शिफारस : पुस्तक, लेख, छायाचित्र, चित्रपट इ. आंतरजालावरील साहित्याला वाचक स्वतःच्या शब्दांत जी विषयदर्शक खूण जोडतात, तिला टॅग किंवा वाचकखूण म्हणतात. अनेकांनी जोडलेल्या खुणा एकत्र करून त्यांवरून विशिष्ट वाचकाला रुचेल असे साहित्य संगणकाद्वारे सुचविण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. तथापि वाचकाची आणि पुस्तकाची गाठ कशी घालून द्यावी, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयांइतकाच जुना आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील ग्रंथालयांच्या इतिहासात रत्नागिरीला अग्रस्थान आहे. तेथील जिल्हा नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची आहे. पुणे नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ मध्ये झाला, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. संग्रह लहान असेपर्यंत ग्रंथपालाची स्मरणशक्ती व वाचकांशी असलेला त्याचा परिचय हीच शिफारसीची साधने होत. संग्रह वाढला, तशी शास्त्रशुद्ध वर्गीकरणाची गरज भासू लागली. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. भारतात शि. रा. रंगनाथन् (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली व १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतील दोन सूत्रे प्रस्तुत विषयाचाही पाया ठरतात. मराठीत शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने मुद्रित ग्रंथांची विषयवार नोंद करून हेच कार्य मोठ्या प्रमाणावर केले.

वर्गीकरणाची मर्यादा : फडताळात पुस्तकाला एकच जागा असते, त्याचे विषय मात्र अनेक असू शकतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. अमिताव घोष यांच्या द ग्लास पॅलेस (२०००) या कादंबरीत त्या काळाचे चित्रण आहे. दशांश पद्धतीनुसार ती इंग्रजी कथासाहित्यात पडते. थिबा राजवाडा पाहून आलेल्या जिज्ञासूला मात्र ती ‘रत्नागिरी’, ‘ब्रह्मदेश’, ‘निर्वासन’ या शब्दांनी शोधावीशी वाटेल. विषयसूचीतील शब्द तज्ज्ञ ठरवितात. वाचकखुणेत वाचकाचाच शब्द नोंदला जातो.

उदय व विकास : इतर वाचकांच्या अभिप्रायांवरून साहित्य निवडण्याचा एक आरंभीचा प्रयोग झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात झाला. तेथील टॅपेस्ट्री या प्रणालीचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९४ मध्ये ग्रुपलेन्स प्रकल्पाने वाचकांनी दिलेल्या गुणांवरून लेख सुचविण्याची पद्धत मांडली. मुक्त वाचकखुणांचा प्रसार डिलिशस (२००३), फ्लिकर (२००४) व ग्रंथांसाठीचे लायब्ररीथिंग (२००५) या संकेतस्थळांमुळे झाला. अशा लोकनिर्मित वर्गीकरणाला टॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले.

कार्यपद्धती : वाचक, ग्रंथ व खूण हे या व्यवस्थेचे तीन घटक होत. एखाद्या वाचकाने वापरलेल्या खुणा व त्यांची वारंवारता यांवरून त्याच्या अभिरुचीचा आराखडा तयार होतो. ग्रंथाचाही असाच आराखडा इतरांनी त्याला जोडलेल्या खुणांवरून बनतो. दोहोंत जितके साम्य अधिक, तितका तो ग्रंथ शिफारसीत वरच्या स्थानी येतो. मात्र सर्व खुणांना सारखे महत्त्व नसते. ‘कादंबरी’ ही खूण असंख्य ग्रंथांवर असल्याने तिच्यावरून फारसा बोध होत नाही. ‘खलाशी जीवन’ ही विरळ खूण आवडीचा नेमका निर्देश करते. विरळ शब्दाला अधिक वजन देण्याचे हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये प्रतिपादिले होते. ‘वाचायचे आहे’ यासारख्या खाजगी खुणा विषय सुचवीत नाहीत, म्हणून त्या वगळाव्या लागतात.

मराठीतील अडचणी : मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘रत्नागिरी’, ‘रत्नागिरीचा’ व ‘रत्नागिरीत’ ही रूपे वाचकाला एकाच गावाची वाटतात. संगणकाला ती तीन भिन्न खुणा वाटतात. ‘हापूस’ व ‘हापुस’ असे लेखनभेद आणि तोच शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सवय यांमुळे खुणा आणखी विखुरतात. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे नोंदविता येतो; डोळ्यांना सारखे दिसणारे हे शब्द यंत्राला निराळे भासतात. परिणामी आधीच थोड्या असलेल्या मराठी खुणांचे बळ विभागले जाते. त्यासाठी शब्दांची मूळ रूपे व पर्याय एकत्र आणणारा कोश प्रणालीला जोडणे आवश्यक ठरते.

मूल्यमापन : खुणाधारित पद्धतीचा मुख्य दोष असा की, तिला संख्येचा आधार लागतो. ज्या ग्रंथाला वाचक थोडे, त्याला खुणा थोड्या. खुणा थोड्या म्हणून तो सुचविला जात नाही, आणि सुचविला न गेल्याने त्याचे वाचक वाढत नाहीत. बोलीभाषेतील कथा किंवा एखाद्या तालुक्याचा इतिहास अशा ग्रंथांना हा फटका विशेष बसतो. त्यावर उपाय म्हणून, कोणी न जोडलेली खूणही एखाद्या कृतीला कितपत लागू पडते याचे अनुमान करणारी ‘टॅग जीनोम’ ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटांसाठी मांडण्यात आली; परंतु अनुमानालाही पुरेशी सामग्री लागतेच. दुसरा प्रश्न खाजगीपणाचा आहे. वाचनाच्या नोंदींवरून व्यक्तीचा धर्म, आजार वा राजकीय मते यांचा अंदाज बांधता येतो. भारतात अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा संमत झाला आहे.

वाचकखुणा ग्रंथपालाच्या वर्गीकरणाची जागा घेऊ शकत नाहीत. त्या त्याला पूरक ठरतात. खुणेमुळे ग्रंथ वाचकांच्या बोलीत सापडतो. वर्गांक मात्र कोणीही अद्याप न उघडलेल्या ग्रंथालाही मिळतो, आणि अशा ग्रंथालाही त्याचा वाचक मिळावा, हे रंगनाथन् यांच्या सूत्रात अभिप्रेत आहे.