कोपर जोडायचं तर आधी कोपर कापा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी ही लिहिलेली आवृत्ती. विषय आहे कोपर. हसू नका.

आधी एक काम करा, फोन कानाला लावा. कोपर किती वाकलं बघा. 1981 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून सांगितलं की रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंश, म्हणजे शंभर अंशांची हालचाल पुरते. पुढे 2011 च्या एका अभ्यासात दिसलं की मोबाइल कानाला लावायला 130 पण कमी पडतात. म्हणजे आपल्या पिढीचं कोपर आजोबांपेक्षा जास्त राबतं.

आजोबांवरून आठवलं. माझ्या आजोबांचा उजवा हात काटकोनात अडकलेला होता. साठच्या दशकात माणिकपूरच्या रस्त्यावर सायकलवरून पडले आणि कोपराचा चुरा झाला. एका हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, महिनाभर हात गळ्यात राहिला, मग रोज तेल लावून जोरात रगडणं. काटकोनातल्या हाताने घास तोंडापर्यंत पोचत नाही. आजोबा डाव्या हाताने जेवायचे आणि लग्नाच्या पंगतीत बसायचं शक्यतो टाळायचे. घरात सगळे म्हणायचे, "तेव्हा मुंबईला नेलं असतं तर?"

हा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो, म्हणून त्याच्या मागे लागलो. नेणं शक्य होतं. विजेवरची लोकल 1936 पासून विरारपर्यंत धावत होती आणि परळचं केईएम 1926 पासून उभं होतं. पण तिकडे पोचून झालं काय असतं?

कोपर हा अवघड प्रकार आहे. दंडाचं एक हाड, हाताची दोन, आणि एकाच पिशवीत तीन सांधे. दंडाच्या हाडाचं खालचं टोक फुटलं की इंग्रजी वाय किंवा टी सारखी भेग पडते, तुकडे छोटे असतात आणि शेजारूनच ती नस जाते, जी आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत निखळलेल्या कोपराबद्दल लिहिलंय: अंगठ्याने चोळा, दाबून जागेवर बसवा, मग हात लांब करून दुमडा. निखळलेल्याला हे ठीक. चुरा झालेल्याला काय करणार?

धातूने जोडायची कल्पना जुनी आहे. लिस्टरने 1877 मध्ये लंडनला गुडघ्याची फुटलेली वाटी चांदीच्या तारेने बांधली, आणि कोपराच्या टोकावरही त्याने तोच प्रयोग केला होता. 1895 मध्ये एक्स-रे आला, आत काय तुटलंय ते दिसायला लागलं. पण जंतुसंसर्गाची भीती खरी होती. आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं पेनिसिलिन बनायला लागलं तेच मुळी 1955 मध्ये.

शिवाय ऑपरेशन करूनही हात आखडायचाच. तार हलायची, म्हणून वरून प्लास्टर, आणि प्लास्टरमध्ये कोपर काही आठवडे राहिलं की ते रुसतं. 1969 मध्ये रायझबरो आणि रेडिन या अमेरिकी डॉक्टरांनी 29 रुग्ण तपासून लिहिलं की अशा फ्रॅक्चरला बहुतेकदा ऑपरेशन न केलेलंच बरं. म्हाताऱ्या माणसांसाठी तर एक पद्धतच होती: हाडांची पिशवी समजा, झोळीत ठेवा, जमेल तसं हलवा. तेव्हा घरातल्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की परळला नेलं असतं तरी पंगत बहुधा चुकलीच असती. फक्त ते रगडणं टळलं असतं. ताज्या दुखापतीवर कोपर जोरात रगडलं की स्नायूतच नवं हाड धरू शकतं आणि सांधा कायमचा जाम होतो. हे आजही घडतं, म्हणून प्लीज, मोडलेल्या कोपराला मालिश नको.

बदल स्वित्झर्लंडमधून आला. 1958 च्या नोव्हेंबरमध्ये बील गावात 13 सर्जन जमले आणि त्यांनी एओ नावाचा गट काढला. तत्त्व साधं: तुकडे इतके घट्ट बसवा की प्लास्टरची गरजच पडू नये आणि हात लगेच हलवता यावा. मला मात्र त्यांची दुसरी सवय जास्त आवडते. प्रत्येक केसची नोंद एक्स-रेसकट ठेवायची, बिघडलेल्या केसचीसुद्धा. आमच्या भाषेत बग ट्रॅकर. त्याच्याशिवाय कुठला स्क्रू का निसटला हे कळणार कसं?

कोपराच्या टोकासाठी त्यांनी 'टेन्शन बँड' वापरला. मागचा स्नायू तुकडा वर ओढतो. दोन तारा आत घालून मागच्या बाजूने आठच्या आकड्यात वायर पिळली की तीच ओढ, हात दुमडताना, सांध्याच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबते. इंजिनियरला यावर प्रेम बसलंच पाहिजे.

आणि ते दंडाचं खालचं टोक? ते मागून नीट दिसतच नाही, मध्ये कोपराचं टोक येतं. मग सर्जन ते चांगलं, न मोडलेलं टोक व्ही आकारात मुद्दाम कापतात, झाकणासारखं वर उचलतात, आतला सांधा कोड्यासारखा जुळवतात, दोन्ही बाजूंना एकेक प्लेट लावतात आणि शेवटी झाकण परत बसवतात. 1985 मध्ये ज्युपिटर आणि सहकाऱ्यांनी अशा दोन प्लेटांचे निकाल छापले, बहुतेक रुग्णांचे हात चांगले चालत होते. 1969 ते 1985, सोळा वर्षांत सल्ला उलटा झाला.

माझा एक मित्र दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाइकवरून खड्ड्यात गेला. फ्रॅक्चर जवळपास आजोबांसारखंच. दोन प्लेटा, आणि टाके असतानाच फिजिओ हात वाकवायला लावत होती. तो तिला मनात काय काय बोलायचा ते इथे लिहीत नाही. शेवटचे दहा अंश अजून सरळ होत नाहीत, पण वडापाव उजव्या हातानेच जातो.

म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांत मात्र स्क्रू धरत नाही. तिथे आता कधी कधी पूर्ण कृत्रिम कोपर बसवतात. दुखणं जातं, घास तोंडात जातो. पण त्या हाताने साधारण पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, तेही जन्मभर. तांदळाची पिशवी, पाण्याची कळशी, नातवंड, सगळं दुसऱ्या हातावर.