जिओकॅशिंगवर मित्रांच्या शोधांवर नजर कशी ठेवायची (आणि आपल्यावर किती ठेवू द्यायची)

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवर खेळायचा लपाछपीचा खेळ. कुणीतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो आणि बाकीचे मोबाईल हातात घेऊन ती शोधायला निघतात. डबी सापडली की आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तिथेच परत ठेवायची आणि मग ॲपमध्ये लॉग टाकायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिली डबी ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आज सगळ्यात जास्त खेळाडू याच साइटवर आहेत, त्यामुळे खाली जे काही सांगतोय ते तिच्याबद्दलच आहे.

आता मुद्द्यावर येतो. मी पुण्यात, माझा कॉलेजचा मित्र जर्मनीत. त्याच्याकडे पावलापावलावर डब्या, माझ्याकडे त्या मानाने फारच कमी. तरी आम्ही एकमेकांचे शोध रोज बघतो, कारण इथे फ्रेंड्स नावाची सोय आहे.

ही सोय इन्स्टाग्रामच्या 'फॉलो'सारखी एकतर्फी नाही, हे आधी लक्षात घ्या. मित्राचं युजरनेम शोधायचं, त्याचं प्रोफाइल उघडायचं आणि तिथून रिक्वेस्ट पाठवायची. समोरच्याने ती स्वीकारली तरच तुम्ही एकमेकांच्या यादीत दिसता. बहुतेक लोक खऱ्या नावाने खेळत नाहीत, त्यामुळे युजरनेम सरळ मित्रालाच विचारलेलं बरं. अपडेट आलं की बटणांच्या जागा बदलतात, म्हणून 'इथे दाबा, तिथे दाबा' करत बसत नाही. लॉगिन केल्यावर येणाऱ्या डॅशबोर्डवर मित्रांचे नवे लॉग दिसतात, सुरुवात तिथून करा.

पण खरी मजा डॅशबोर्डवर नाही, ती डबीच्या पानावर आहे. वेबसाइटवर कुठल्याही डबीचं पान उघडा, खाली सगळ्यांचे लॉग असतात आणि त्यातच फक्त मित्रांचे लॉग वेगळे बघायची सोय आहे. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. मला तर ही सोय सगळ्यात कामाची वाटते. अनोळखी माणसाने 'सोपी होती, पाच मिनिटांत सापडली' असं लिहिलं तर त्यावरून काही कळत नाही, कारण तो दहा हजार डब्या शोधलेला वस्ताद असू शकतो. तुमच्या मित्राने तेच लिहिलं तर तुम्हाला अंदाज येतो. माझ्या मित्राला चष्मा असूनही समोरची वस्तू दिसत नाही. त्याला सापडली म्हणजे कुणालाही सापडेल!

लॉगमधली भाषाही समजून घ्या. टीएफटीसी म्हणजे डबीबद्दल धन्यवाद. एफटीएफ म्हणजे नवी डबी सगळ्यात आधी शोधणारा. डीएनएफ म्हणजे शोधली, पण सापडली नाही. नव्या पोरांना डीएनएफ टाकायची लाज वाटते आणि त्यांचं इथेच चुकतं. एका डबीवर लागोपाठ चार डीएनएफ दिसले की ती बहुधा जागेवर नाही हे पुढच्याला कळतं आणि मालकालाही जाऊन बघावंसं वाटतं. मित्राचा कालचा डीएनएफ वाचला नाही तर तुमचा बसचा खर्च आणि अर्धा रविवार पाण्यात.

एखादी डबी मित्रांपैकी कुणालाच सापडत नसेल तर ती वॉचलिस्टमध्ये टाका. मग तिच्यावर कुणीही लॉग टाकला की तुम्हाला ईमेल येतो. ट्रॅकेबलचंही तसंच आहे. ट्रॅकेबल म्हणजे कोड कोरलेला बिल्ला, जो लोक एका डबीतून उचलून दुसरीत नेऊन ठेवतात. मित्राने सोडलेला बिल्ला कुठल्या गावाला पोहोचला ते त्याच्या पानावर बघता येतं. फक्त बिल्ल्यावरच्या कोडचा फोटो टाकू नका. तो कोड ज्याच्या हातात बिल्ला आहे त्याच्यासाठी असतो. जगाला सांगायला टीबीने सुरू होणारा दुसरा कोड वेगळा मिळतो.

चार मित्र मिळून जायचं असेल आणि कुणाची तरी प्रीमियम मेंबरशिप असेल तर शोधताना 'या युजरना न सापडलेल्या' असा फिल्टर लावता येतो. म्हणजे एकजण आधीच शोधून बसलाय आणि बाकीचे झुडपात हात घालतायत, असं होत नाही.

आता थोडं गंभीर. इथे मित्र एकमेकांना परवानगी देतात हे खरं, पण तुमचा लॉग फक्त मित्रांना दिसत नाही. तो डबीच्या पानावर जातो आणि तिथे तो कुणीही वाचू शकतो. डबीच्या मालकाला प्रत्येक लॉगचा ईमेल जातो, वॉच करणाऱ्यांनाही जातो. किती जण वॉच करतायत तो आकडा पानावर दिसतो, त्यांची नावं मात्र दिसत नाहीत. म्हणजे तुम्ही टेकडीवर एकटे उभे राहून लॉग टाकला तर 'हा आत्ता इथे आहे' हे अनोळखी माणसांपर्यंत पोहोचलंच. माझी मामेबहीण हॉस्टेलच्या आसपासच्या डब्या एकामागून एक लाइव्ह लॉग करायची. तिच्या लॉगची यादी वाचली तर ती कुठे राहते आणि संध्याकाळी कुठल्या रस्त्याने फिरते, हे कुणालाही सांगता आलं असतं.

याला उपाय आहे आणि तो ॲपमध्येच आहे. सापडल्यावर लगेच पोस्ट करू नका, ड्राफ्ट म्हणून सेव्ह करा आणि घरी पोहोचल्यावर टाका. तारीख त्या दिवसाचीच ठेवता येते, त्यामुळे आकडेवारीत काही फरक पडत नाही. घराजवळच्या डब्यांचे लॉग मी दोन-तीन दिवसांनी टाकतो. युजरनेममध्ये आडनाव आणि जन्मसाल घालू नका, इन्स्टाग्रामचंच नाव इथे वापरू नका. लॉगमध्ये 'रोज सकाळी इथूनच जातो' छापाची वाक्यं नकोत. फोटोत मागे सोसायटीची पाटी येत नाही ना, तेही बघा. त्याच फोटोत लपवायची जागा दिसत असेल तर पुढच्याचा खेळही बिघडतो.

रिक्वेस्ट अनोळखी नावाने आली तर आधी त्याचं प्रोफाइल उघडा. शोध किती, कधीपासून खेळतोय, लॉग कसे लिहितो, एवढं दोन मिनिटांत दिसतं. कुणाला यादीतून काढायचं असेल तर फ्रेंड्सच्या यादीतूनच काढता येतं. पण जुने लॉग डबीच्या पानांवर तसेच राहतात, ते नको असतील तर एकेक उघडून स्वतः डिलीट करावे लागतात आणि मग तो शोधही तुमच्या आकड्यातून कमी होतो.